उजव्या पायाची रजा

उजव्या पायाचं काय करायचं, हे गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नाही. क्रूझ कंट्रोल चालू कसं करायचं, वेग कसा ठरवायचा, तो एकेक किलोमीटरने वाढवायचा-घटवायचा कसा, मध्येच सोडून दिलं तर पुन्हा जुन्या वेगावर यायला कुठलं बटण दाबायचं, हे सगळं चित्रांसकट आहे. पण बटण दाबलं, गाडीने 'आता मी बघते' म्हणून वेग आपल्या ताब्यात घेतला, की ज्या पायाने आजवर तो सांभाळला त्याने पुढचे दोन-तीन तास कुठे बसावं, याबद्दल अवाक्षर नाही. डाव्या पायाची सोय आहे. क्लचच्या शेजारी त्याला टेकायला एक लहानसा पाट असतो. उजव्याला तसलं काही नाही. तो कधी रिकामा बसेल, अशी कल्पनाच गाडी आखणाऱ्यांच्या मनात आली नसावी. मग तो ॲक्सिलरेटरच्या अलीकडे, ब्रेकच्या जरा खाली, टाच टेकवून घोटाळत राहतो. निवृत्त झालेले हेडक्लार्क सकाळी अकराला कचेरीच्या आवारात येऊन उभे राहतात तसा. कोणी काही विचारलं तर सांगायला तयार. कोणी विचारत नाही.

आमच्या घरी गाडी मी चालवते. नवऱ्यालाही येते, पण त्याला खिडकीबाहेर बघायची हौस मोठी, आणि ह्या दोन गोष्टी एका माणसात नांदत नाहीत हे आम्ही लग्नानंतर लवकरच मान्य करून टाकलं. ही गाडी घेतली तेव्हा शोरूममधल्या मुलाने क्रूझ कंट्रोलचं फार कौतुक केलं. आम्ही पुण्यात सिंहगड रोडला राहतो. बहुतेक गाड्यांत हे यंत्र ताशी तीस-चाळीसच्या खाली चालूच होत नाही, आणि सिंहगड रोडला तीस-चाळीसच्या वर गाडी जात नाही. त्यामुळे पहिले काही महिने त्या बटणाने आणि मी एकमेकांना नुसतं ओळखून सोडून दिलं. महाराष्ट्रात हे यंत्र त्याला लागणाऱ्या रस्त्याच्या आधी येऊन बसलं. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत निघालेला, मागे लाल दिवा नसलेला ट्रॅक्टर. मधोमध बसून रवंथ करणारी गाय. समोरून वाजत-गाजत येणारी वरात. आणि ज्यांच्या दारासमोर आहे फक्त त्यांनाच माहीत असलेला गतिरोधक. अशा रस्त्यावर एकाच वेगाने जायची इच्छा धरणं हा मोटारीचा नव्हे, अध्यात्माचा विषय होतो.

मग समृद्धी महामार्ग आला. 2022 च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी, नंतर तुकड्या-तुकड्यांनी पुढे, आणि 2025 च्या जूनमध्ये इगतपुरीहून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंतचा शेवटचा टप्पा. एकूण 701 किलोमीटर, मोटारींना ताशी 120 ची मर्यादा. दुचाकी नाही, रिक्षा नाही, कडेला टपरी नाही. जालन्याच्या पुढे तर रस्ता असा पडलेला असतो की एखाद्या झोपलेल्या माणसाचा श्वास ताणून लांबवर जमिनीवर अंथरून ठेवावा. तिथे मी पहिल्यांदा क्रूझ लावलं. पाय उचलला. गाडी मंदावली नाही. पायऱ्या संपल्या आहेत हे न कळता अंधारात आणखी एक पायरी उतरायला जावं आणि पाय सपाट जमिनीवर पडावा, तसं काहीतरी पोटात झालं. नवरा म्हणाला, "अगं, काय झालं?" म्हटलं, काही नाही, सगळं आहे तसंच चाललंय. हेच तर व्हायला हवं होतं, आणि तेच अंगवळणी पडत नव्हतं.

गाडी त्या वेळी स्वतःशी दोनच प्रश्न घोळवत असते: ठरलंय किती, आणि चाललोय किती. फरक थोडा असेल तर थोडी रेस द्यायची, जास्त असेल तर जास्त. आणि फरक बराच वेळ तसाच रेंगाळला असेल तर तेही हिशेबात धरून आणखी जराशी. चढ आला की इंजिनाचा आवाज किंचित भरून येतो, उतार लागला की विरतो. ह्यात राग नाही, घाई नाही, मागच्याने डिपर मारला म्हणून आलेला ताठा नाही. युक्ती जुनीच आहे. 1788 मध्ये जेम्स वॉटने वाफेच्या इंजिनावर दोन जड गोळे फिरते टांगले. इंजिन जास्त पळू लागलं की गोळे बाहेर फाकत आणि वाफेची झडप आवळत. मंदावलं की खाली येत आणि झडप सैल सोडत. पवनचक्कीच्या जात्यांवर तर त्याच्याही आधीपासून ही करामत होती. 'ठरलं किती आणि चाललोय किती' हा प्रश्न जो माणूस स्वतःला दिवसातून एकदा विचारतो त्याला आपण विवेकी म्हणतो. गाडीत तो बसवून घ्यायला आता फारसे पैसे पडत नाहीत.

पण विवेकी गाड्या एका रस्त्यावर जास्त झाल्या की वेगळीच गंमत होते. समजा, एका गाडीने 100 वर क्रूझ लावलंय आणि तिच्या मागच्या गाडीने 101 वर. मागचीला ओव्हरटेक करायचंय. दोघींच्या वेगात फरक एक किलोमीटरचा, म्हणजे पुढचीने शंभर मीटर कापले की मागची तिच्यापेक्षा फक्त एक मीटर पुढे सरकते. मागून निघून, शेजारी येऊन, सुरक्षित अंतर ठेवून पुढे व्हायला साठेक मीटर तरी लागतात. साठ मीटरसाठी सहा किलोमीटर! एवढ्या वेळात शेजारच्या गाडीतल्या मंडळींशी एक नातं जडतं. त्यांची आजी झोपलीये, मधल्या मुलीला खिडकी हवीये, चालवणाऱ्याने नुकताच चष्मा बदलला असावा. एकदा वाशिम जिल्ह्यात अशाच एका कुटुंबाबरोबर आम्ही इतके जवळून गेलो की अखेर त्यांच्या आजीने जागं होऊन आमच्याकडे बघून मान हलवली, आणि माझ्या नवऱ्याने नमस्कार केला. तिकडच्या गृहस्थांनी पाय जरा दाबला असता किंवा मी जरा उचलला असता तर हे अर्ध्या मिनिटात आटोपलं असतं. पण दोन्ही पाय रजेवर होते, आणि रजेवरच्या माणसाला बोलावून घ्यायचा संकोच दोन्हीकडे.

हल्ली तर रडार लावलेल्या गाड्या निघाल्यात. समोरच्या गाडीपासून अंतर राखून त्या स्वतःच मंदावतात, स्वतःच पुन्हा वेग घेतात. धाकट्या भावाकडे तशी आहे. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर तिने शिस्तीत पुढे अंतर ठेवलं, की त्या अंतरात कोणीतरी घुसतो. मग ती नम्रपणे मागे सरून नवं अंतर ठेवते. त्यात दुसरा घुसतो. भाऊ म्हणतो, ही गाडी पुढे जाताना वेळोवेळी मागेच जात असते. इतकी सभ्यता आपल्याकडे लोकांना रिकामी जागा वाटते, त्याला गाडी तरी काय करणार.

हे यंत्र मोटारीत आणलं कोणी, ते वाचलं तेव्हा मात्र मी पुस्तक मिटून जरा वेळ बसून राहिले. त्या माणसाचं नाव राल्फ टीटर. अमेरिकेत इंडियाना राज्यात हेगर्सटाउन नावाचं लहानसं गाव आहे, तिथला. जन्म 1890 चा. पाच वर्षांचा असताना चाकू लागून एक डोळा गेला, आणि वर्षभरात दुसऱ्याचीही दृष्टी गेली. घरच्यांनी त्याला अंध म्हणून वाढवलंच नाही. हत्यारं चाचपत, लोखंडाला हात लावत तो मोठा झाला. 1912 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून इंजिनिअर होऊन बाहेर पडला. पहिल्या महायुद्धात विनाशिका नौकांच्या टर्बाइनचे रोटर तोलायचं किचकट काम त्याच्या बोटांनी उलगडलं. पुढे पिस्टन रिंगा बनवणाऱ्या 'परफेक्ट सर्कल' कंपनीचा तो अध्यक्ष झाला, आणि 1936 मध्ये अमेरिकेतल्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेचाही.

त्याचा एक वकील होता, हॅरी लिंडसे; पेटंटची कामं बघायचा. दोघं मोटारीतून जायचे, वकील चालवायचा. आणि हा वकील बोलू लागला की गाडी मंदावायची, ऐकू लागला की पळायची. मी हे वाचलं आणि मला तो प्रवास दिसायलाच लागला. मुद्दा रंगात आला की मोटार रांगतेय. टीटर उत्तर द्यायला लागला की हिसका. मग पुन्हा मुद्दा, पुन्हा रांगणं. आपण शेजारी असतो तर एव्हाना बाहेरची शेतं, कुंपणं, धान्याची कोठारं बघण्यात रमलो असतो. खिडकी माणसाला पुष्कळ गोष्टी माफ करायला लावते. टीटरला खिडकी नव्हती. त्याला होती फक्त सीटवर मागे-पुढे आदळणारी पाठ आणि सावरून सावरून दुखलेली मान. त्यातून वर्षानुवर्षं खटपट करून त्याने वेग राखणारं यंत्र केलं, 1950 मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि 1958 च्या क्रायस्लरच्या मोठ्या गाड्यांत ते पहिल्यांदा विकायला आलं. 'क्रूझ कंट्रोल' हे नाव नंतर कॅडिलॅकवाल्यांनी दिलं. 1973 मध्ये तेलाची टंचाई आली आणि एकसारख्या वेगाने पेट्रोल वाचतं म्हटल्यावर ते सगळ्यांनाच हवंसं झालं. मला सगळ्यांत आवडली ती त्याच्या मूळ यंत्राची रीत. त्यातही ते वॉटचे फिरते वजनी गोळे होतेच. पण ठरलेला वेग आला की पेडल खालून पायाला उलटं रेटायचं. दिवा नाही, काटा नाही. हात लावून सांगावं तसं पायाला सांगणं. पायाला पुरतं घरी बसवणारी सोय मागाहून आली.

चालवणाऱ्याचं मन त्याच्या उजव्या पायातून गाडीत उतरतं, आणि शेजारी बसणाऱ्याला ते अंगाने वाचता येतं. टीटरला ही लिपी जितकी चांगली वाचता आली तितकी कोणाला आली नसेल, आणि ती पुसून टाकायचं यंत्र त्यानेच केलं. मला त्यात नवल वाटत नाही. दुसऱ्याचं मन सतत वाचत राहावं लागणं हा मोठा शिणवटा असतो. जिन्यावरच्या पावलांवरून आजची संध्याकाळ कशी जाणार हे ज्यांना ओळखावं लागतं त्या बायकांना विचारा. जिना बदलून लिफ्ट बसवा, असंच त्या म्हणतील. वकील सज्जन असणार, त्याच्या बोलण्यात रसही असणार. पण रोज कोण इतकं वाचेल?

तरीही मी हे वाचत असताना डोळ्यांपुढे सारखे वाईचे मामा येत होते. मामा भूकरमापक होते. सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली, म्हणजे खरं तर भावाभावांच्या मध्ये साखळी धरून उभं राहण्यात. त्यांच्याकडे बांधांच्या भांडणांच्या गोष्टींचा साठा होता आणि एक क्रीम रंगाची, स्टिअरिंगजवळ गिअर असलेली प्रीमियर पद्मिनी होती. दोन्ही एकमेकांशिवाय चालत नसत. सुट्टीत ते आम्हाला पुण्याहून वाईला न्यायचे. कात्रज चढताना गोष्ट सुरू व्हायची. दोन भावांनी रातोरात बांध कोरला इथपर्यंत गाडी चाळीसवर असायची. पंचनाम्याला मामा पोचले की तीस. मग म्हातारीने विहिरीच्या काठावरून ओरडून काय सांगितलं, त्या ठिकाणी गाडी जवळजवळ उभी, मागे ट्रकांचे हॉर्न, आणि आम्ही मुलं मागच्या सीटवरून पुढे झुकून, "मामा, मग?" मामी बोलायला लागली की मात्र पद्मिनी सुसाट. तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: "अहो, ह्यांच्या गोष्टीला पेट्रोल लागतच नाही, उभ्याउभ्याच सांगतात!" हे ती मामांनाच उद्देशून, पण आमच्याकडे तोंड करून म्हणायची. गोष्ट कुठे रंगणार हे आम्हाला शब्द यायच्या आधी गाडीवरून कळायचं. शिरवळच्या अलीकडे वेग पडायला लागला की धाकटा भाऊ माझा हात घट्ट धरायचा.

मामी गेली. तेरावं झाल्यावर मामा मला पुण्याला सोडायला निघाले. मी शेजारी बसले होते, तिच्या जागेवर. सुरूरला हमरस्त्याला लागलो, खंबाटकीचा बोगदा गेला, शिरवळ गेलं, कापूरहोळ गेलं. गाडी पन्नासवर होती. मामा बोलले नाहीत आणि गाडी पन्नासवरून हलली नाही. ना चढाला, ना उताराला, ना पुढे मोकळा रस्ता मिळाल्यावर. इतका एकसारखा वेग त्यांच्या हातून मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. गाडी एकदा तरी मंदावावी म्हणून मी मनातून वाट बघत होते.

मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. पद्मिनी केव्हाच गेली. मध्यंतरी त्यांना नागपूरला लेकीकडे सोडायला आम्ही समृद्धीने गेलो. मामा पुढे, नवरा मागे त्याच्या खिडकीशी. जालना मागे पडल्यावर मी क्रूझ लावलं. बराच वेळ मामा माझ्या पायाकडे बघत होते.

"कितीवर चाललीये?"

"शंभर."

"पाय तर बाजूला आहे तुझा."

"तिची तीच चालते, मामा. सांगितलं की तेवढ्यावरच राहते."

"मघापासून तेवढ्यावरच?"

"हो."

मामांनी बाहेरची शेतं बघितली, मोजणी केल्यासारखी. मग म्हणाले, "कंटाळा नाही येत तिला?"

थोड्या वेळाने त्यांनी विहिरीच्या काठावरच्या म्हातारीची गोष्ट काढली. मला ती पाठ आहे. बांध कोरला, पंचनामा आला, आणि म्हातारी ओरडणार त्याच्या नेमक्या आधी मामा थांबले. मला वाटलं, आठवत नसेल. तसं नव्हतं. ते वाट बघत होते. त्यांच्या सगळ्या आयुष्यात ह्या ठिकाणी गाडी मंदावत आली होती, आणि ही गाडी त्याच शंभरवर ढिम्म पुढे चालली होती. मी रस्त्याकडे बघत होते, माझ्या अंगात कुठेच काही हललं नव्हतं. मामांनी जरा खालच्या आवाजात विचारलं, "ऐकतेयस ना गं?"

आरसे बघून मी डाव्या लेनला आले आणि ब्रेकवर पाय टेकवला. क्रूझ सुटलं. पाय ॲक्सिलरेटरवर आला आणि, खरं सांगते, मी काही न ठरवता तो आपोआप हलका झाला. काटा ऐंशीच्या आसपास आला. "मामा, मग?" मी म्हटलं. मागच्या सीटवर नवऱ्याने खिडकीवरची नजर काढली. म्हातारी ओरडली.

तेव्हा क्रूझ जरूर लावा. सरळ, कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर त्याच्यासारखं सुख नाही. पावसात आणि घाटात मात्र लावू नका, उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसू नका, आणि एकशे एकवर असाल तर शंभरवाल्याला ओव्हरटेक करायच्या फंदात पडू नका. नाही तर जरा वेळ पाय दाबा आणि मोकळे व्हा. शेजारी कोणी गोष्ट सांगत असेल तर ब्रेकला नुसता पाय लावा, यंत्र सुटतं. जालन्याहून नागपूरला त्याने फार तर तासभर उशीर होतो.